भाषणाशिवाय जेवण

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण या खोलीतला गालिचा इतका पांढराशुभ्र आहे की त्यावर नाक टेकवायची छाती होत नाही. तेव्हा उभ्यानेच नमस्कार.

सुखरूप पोचलो. टेकडीवरची ही अभ्याससंस्था म्हणजे निव्वळ शांतता. फाटकातच फोन काढून घेतला आणि हातात पावती ठेवली. तो आता एप्रिल संपताना, पुस्तक झाल्यावरच परत मिळेल. लेखकाचं मन विचलित होता कामा नये, असं संचालकांचं म्हणणं. म्हणून पत्रं. नाहीतरी फोनवर आपलं भांडणच होतं.

पुस्तकाचं नाव पक्कं केलं : 'सर्वांसाठी सकस अन्न'. इथले सगळेच या ना त्या प्रकारे भुकेवर काम करतात. न्याहारीला तीन प्रकारचं लोणी असतं. मी त्याबद्दल नापसंती नोंदवली, आणि नापसंती अभ्यासपूर्ण असावी म्हणून तिन्ही चाखून पाहिली.

आता मुद्द्याचं. मी नसताना आपल्या स्वयंपाकघराचा एक नियम ढळू देऊ नकोस. ताट समोर आलं की पहिल्या घासाआधी ताटाची ओळख झालीच पाहिजे. भाजी कुठे पिकली, माती कोणती, पाण्याचा प्रवास कसा झाला, हे सगळं वाचून दाखवायचं. शेजारच्या इस्पितळाच्या लाँड्रीत राबणाऱ्या बायकांसाठी आपण हे दार उघडलं. त्यांना नुसतं अन्न देऊन भागणार नाही, दृष्टी दिली पाहिजे. गाजर म्हणजे केवळ गाजर नव्हे, ताई. गाजर हा मातीने माणसाला धाडलेला निरोप आहे. निरोप न वाचता गिळून टाकायचा, याला काय जेवण म्हणायचं?

हे वाक्य पुस्तकात घेतोय. कसं वाटलं ते कळव.

तुझा,
मास्तर

१४ फेब्रुवारी

चि. मास्तर,

आशीर्वाद. तीन लोण्यांचं वाचून जीव भांड्यात पडला. आमचा जीव मात्र टांगणीला आहे.

तुझी 'ताटाची ओळख' मी चार दिवस इमानेइतबारे वाचली. लाँड्रीतल्या बायकांना मधली सुट्टी मिळते ती किती, तुला माहीत आहे ना? हात धुवून, पदर खोचून त्या टेबलाशी येतात तेव्हाच निम्मी संपलेली असते. त्यात मी उभी राहून सांगतेय की हा कोबी कुठल्या उतारावर वाढला. सूप गार, बायका गरम. चौथ्या दिवशी त्यांच्या मुकादमबाईने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुमचं गाजर आम्हाला खायचंय, त्याच्याशी सोयरीक नाही जुळवायची."

दुसऱ्या दिवसापासून एकही बाई फिरकली नाही. लाँड्रीच्या पायऱ्यांवर बसून चहात बिस्किटं बुडवून खातात. तीच त्यांची दुपार. खिडकीतून मला दिसतं, आणि माझ्या पातेल्यात वाटाण्याचा रस्सा तसाच.

तुला टेकडीवर आठवत नसेल म्हणून सांगते. आपलं भाडं भरणारी धर्मादाय संस्था एप्रिल संपला की हात काढून घेणार आहे. त्याआधी त्यांच्या बाई येऊन बघणार : लाँड्रीतल्या बायका जेवतात का, आणि स्वयंपाकघर स्वतःच्या पायावर उभं राहील का. दोन्हींचं उत्तर 'नाही' निघालं तर कुलूप. मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली पक्की नोकरी सोडून तुझ्या नादाला लागले, आणि या वयात मला परत कुणी पातेल्याला हात लावू देणार नाही. हे लक्षात असू दे.

परवा बाजारातला एक दलाल आला होता. म्हणाला, मळेकाकांच्या भाजीत निम्मी माझी मिसळा, कुणाला कळतंय? मी त्याला दार दाखवलं. मळेकाका औषध मारत नाहीत, गवत हाताने उपटतात, पाठीचं पार धनुष्य झालंय. त्यांच्याशी घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यांचा भाव आणि लाँड्रीतल्या बायकांची ऐपत यात जे अंतर आहे ते गाजराच्या निरोपाने भरत नाही रे.

लहानपणी तू कोंबड्यांना ओळीत बसवून पाढे शिकवायचास, म्हणून तुला मास्तर म्हणायला लागलो. त्या कोंबड्याही दाणे टाकेपर्यंतच बसायच्या.

ओळख बंद करू का? लवकर कळव.

ताई

२२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर अस्वस्थ होतो. दुपारचं जेवलो, पण मनाविरुद्ध.

ओळख बंद? मुळीच नाही. सुट्टी कमी पडत असेल तर लाँड्रीच्या व्यवस्थापनाने ती वाढवावी, त्यासाठी आपण भाषण का कापायचं? आणि सूप गार झालं तर होऊ दे. गरम खाण्याचा हट्ट हाच आपल्या काळाचा रोग आहे. इथे काल 'भूक : एक पुनर्विचार' यावर चर्चा होती. ती इतकी रंगली की जेवणाची वेळ टळली आणि मला अक्षरशः घेरी यायला लागली. एका अर्थतज्ज्ञाने तर टेबलावरची शोभेची द्राक्षं तोंडात टाकली. ती मेणाची निघाली. पण चर्चा कुणी थांबवली नाही. याला म्हणतात निष्ठा.

उलट मला वाटतं, ओळख तोकडी पडतेय. सोबत 'गांडुळाचं मनोगत' जोडलं आहे. ते प्रथमपुरुषी आहे. सुरुवात अशी : 'मी अंध आहे, तथापि तुमचं भवितव्य मला स्पष्ट दिसतं.' हे वाचताना आवाज किंचित दमट ठेवायचा. तुला जमेलसं वाटत नाही. एखादा भारदस्त आवाजाचा माणूस शोध.

मुकादमबाईंना सांग, गाजर त्यांना क्षमा करेल.

तुझा,
मास्तर

३ मार्च

चि. मास्तर,

अनेक आशीर्वाद. तुझ्यासारखा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

माणूस मिळाला! वरच्या मजल्यावर रेडिओकाका राहतात ना, जन्मभर रेडिओवर बातम्या सांगितल्या ते. निवृत्त झाल्यापासून बिचारे जिन्यात मांजराला हवामान सांगत असतात. त्यांना 'गांडुळाचं मनोगत' दिलं. काय आवाज रे त्यांचा! जणू कुठे धरणच फुटलंय, अशा गांभीर्याने वाचलं. समोर इस्पितळाच्या कामाने आलेले दोन वकील आणि एक दातांचे डॉक्टर सहज जेवायला बसले होते. मनोगत संपलं तरी काका थांबेनात, त्यांनी तुझं अख्खं पत्रच वाचायला घेतलं. मेणाच्या द्राक्षांसकट. मी नको म्हणेपर्यंत 'गाजर त्यांना क्षमा करेल'पर्यंत गाडी आली होती.

काय सांगू, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी! वकिलांना ठसका लागला इतकं भरून आलं. जाताना विचारत होते, उद्या पुढचं पत्र आहे का?

म्हणून मी दारावर पाटी लावलीय. रागावू नकोस. पाटीवर दोन भाव आहेत : 'जेवण, भाषणासह' आणि 'जेवण, भाषणाशिवाय'. भाषणासह जेवण पुढच्या खोलीत, पांढऱ्या चादरीच्या टेबलांवर, आणि चांगलं तिप्पट महाग. भाषणाशिवाय जेवण मागच्या खिडकीतून, लाँड्रीच्या अंगणात, तिथल्या बायकांच्या खिशाला झेपेल असं. पातेलं मात्र एकच. तेच वाटाणे, तोच पाव, तेच मळेकाका.

आता एक कर. पत्रं लांब लिही. हात आखडू नकोस. गंभीर विषय घे. तू जितका गंभीर होतोस तितके लोक इकडे रुमाल काढतात.

तुझी लाडकी ताई

१२ मार्च

प्रिय ताई,

तू स्वतःला 'लाडकी' म्हणवून घेतल्याला बरीच वर्षं झाली असावीत. मी गहिवरलो.

डोळ्यांतून पाणी! मला ठाऊक होतं. समाज बधिर झालाय असं इथे सगळे म्हणतात. तुझं पत्र मी चर्चेच्या वेळी उभा राहून वाचलं. संचालक म्हणाले, हा पुरावा आहे. कशाचा ते पुढच्या चर्चेत ठरेल.

दोन भावांबद्दल आधी मला राग आला. मग विचार केला, ज्यांना ऐकायचं नाही त्यांना अन्न स्वस्तात देणं ही एका अर्थी त्यांना शिक्षाच आहे. बिचाऱ्यांना नुसतंच गरम, पोटभर जेवण मिळतं, बाकी काही नाही. एक दिवस त्यांचा त्यांनाच पश्चात्ताप होईल.

रेडिओकाकांना सूचना दे : 'निरोप' या शब्दानंतर थांबायचं, श्रोत्यांकडे बघायचं, मग पाणी प्यायचं. सोबत 'वाटाणा आणि सहजीवन', 'बटाट्याचा एकांत' आणि माझ्या उपवासाचं वर्णन पाठवतोय. परवा आम्ही सगळ्यांनी भुकेल्यांशी एकरूप होण्यासाठी दुपारपर्यंत उपवास केला. दुपारनंतर एकरूपता फारच वाढल्यामुळे स्वयंपाक्याला वेळेआधी बोलवावं लागलं. हे वाचताना काकांचा आवाज कापला तर चालेल.

तुझा,
मास्तर

२० मार्च

चि. मास्तर,

घाईत लिहितेय, पाव भट्टीत आहे.

'बटाट्याचा एकांत' फार चालला. दुपारच्या दोन पंगती कराव्या लागल्या. दातांचे डॉक्टर बायकोला, मेव्हण्याला आणि मेव्हण्याच्या साहेबांना घेऊन आले. उपवासाच्या वर्णनाला साहेब खुर्चीवरून घसरले. हो, भरून येऊनच.

मळेकाकांचे पैसे ठरल्या दिवशी हातात पडतात, त्यांनी आणखी एक वाफा आपल्यासाठी धरलाय. लाँड्रीतल्या बायका आता सगळ्या येतात. मुकादमबाई रोज मिठाला नावं ठेवते आणि रोज ताट पुसून परत देते. पायऱ्यांवर बिस्किटांचे कागद दिसत नाहीत.

असंच चाललं तर एप्रिल संपताना त्या बाई आल्या की मी ताठ मानेने दार उघडेन. फक्त तुझी पत्रं थांबता कामा नयेत. पुढचं पावावर लिही. अगदी जिव्हाळ्याने.

ताई

२ एप्रिल

ताई,

आज जरा थोडक्यात लिहितो.

काल पुस्तक पहिल्यापासून वाचून काढलं. भुकेबद्दल इतकी पानं आहेत, पण त्यात कुणी जेवताना दिसत नाही. मग वाटलं, मी हे सगळं कुणाशी बोलतोय? मी फार बोलतो का गं?

लाँड्रीतल्या बायका सूप गार झालं म्हणून उठून गेल्या, त्यात त्यांचं काय चुकलं? मी असतो तर मीही गेलो असतो. पावावर काही लिहावंसं वाटत नाही. पाव चांगला असावा आणि सगळ्यांना मिळावा, एवढंच.

तुझी आठवण येते.

मास्तर

६ एप्रिल

मास्तर,

अरे, ताप-बिप आहे का तुला? जीभ दाखव तिथल्या डॉक्टरला.

तुझं पत्र काकांनी नेहमीसारखं पाणी पिऊन, घसा साफ करून वाचलं. खोली भरलेली होती. वाचून झालं तर एकानेही रुमाल काढला नाही. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "खरं आहे बिचाऱ्याचं." खरं आहे! असं म्हणून निम्मे लोक उठले आणि मागच्या खिडकीवर जाऊन रांगेत उभे राहिले. म्हणे, पाव चांगला आहे आणि सगळ्यांना मिळावा, तर आम्हालाही त्याच भावात मिळावा. मुकादमबाईने त्यांना ज्या शब्दांत परत पाठवलं ते मी लिहीत नाही. पुढच्या खोलीतला गल्ला त्या दिवशी रडला.

हे बघ, माणसाने शहाणं व्हावं, मी कधी नाही म्हटलंय का? पण वेळ-काळ काही असतो की नाही? तीस वर्षं थांबलास, आणखी एक महिना थांब. महिनाअखेरपर्यंत शहाणा होऊ नकोस, तुला माझी शपथ आहे. गांडुळाला परत बोलाव. कोंबडीचं मनोगत असेल तर ते पाठव. काहीही पाठव, पण भारदस्त पाठव.

ताई

११ एप्रिल

ताई,

काल संस्थेत एक पाहुणे जेवायला आले होते. कुठल्याशा दातांच्या डॉक्टरांच्या मेव्हण्याचे साहेब. त्यांनी जेवताना एक किस्सा सांगितला. एका गावात एक खाणावळ आहे, तिथे कुणा महामूर्खाची पत्रं बातम्यांच्या आवाजात वाचून दाखवतात आणि लोक हसून हसून लोळतात. टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. मग ते म्हणाले, "त्याचं एक वाक्य तर कहर आहे, गाजर हा मातीने माणसाला धाडलेला निरोप आहे."

माझा घास तसाच तोंडात राहिला. तिन्ही लोणी समोर होती, एकालाही हात लावला नाही.

रुमाल. ठसका. भरून आलं. तू माझी सख्खी बहीण ना?

आजच्या आज बंद कर. नाहीतर जागेचा भाडेकरार माझ्या नावावर आहे, मी धर्मादायवाल्या बाईंना लिहून कुलूप लावायला सांगतो. मग ठेव तुझी पातेली पालथी.

१५ एप्रिल

चि. मास्तर,

रागावलास, आणि बरोबर रागावलास. लोक हसतात हे मी तुझ्यापासून लपवलं, त्याबद्दल कान पकडते. पण ते हसतात याबद्दल माफी मागणार नाही.

पहिल्या दिवशी वकिलांना हसू फुटलं तेव्हा माझ्या हातात डाव होता, तो मी त्यांच्या डोक्यात घालणार होते. माझ्या भावाला हसता? मी कोळून प्यायलेय त्याचा मूर्खपणा, तो माझ्या घरचा आहे. पण पुढची पंगत वाढायला वळले तर खिडकीतून त्या पायऱ्यांवरच्या बायका दिसल्या, हातात बिस्किटं. आणि वकील सुटे पैसेही परत न मागता विचारत होते, उद्या पुढचं पत्र आहे का?

आपण दोघांनी किती डोकं फोडलं रे, चांगलं अन्न स्वस्त कसं करायचं म्हणून. मळेकाकांची पाठ काही स्वस्त होत नाही. माझे हात स्वस्त केले तर मी उपाशी. पाणी, भट्टी, भाडं, काहीच स्वस्त होत नाही. मधलं अंतर कुणीतरी भरायचं असतं. ह्याच लोकांकडे मी देणगी मागून बघितली होती. "कार्य थोर आहे," म्हणाले आणि घड्याळ बघायला लागले. तेच लोक हसायला मिळालं की तिप्पट मोजतात, वर माणसं घेऊन येतात. तुला हसू ऐकू आलं. मला त्यात मळेकाकांचा वाफा ऐकू येतो.

मुकादमबाई कधी कुणाला बरं म्हणत नाही. परवा ताट परत देताना हात पुढे करून म्हणाली, "बघा, थांबलं." दुपारनंतर तिचे हात थरथरायचे. वाफेच्या त्या मोठ्या इस्त्रीखाली हात थरथरला तर काय होतं, ते तिच्या शेजारणीच्या बोटांकडे बघितलंस तर कळेल.

आता तू ठरव. जागा तुझ्या नावावर आहे, कुलूप घालायचं तर घाल. पण घालायला स्वतः ये. दुपारी ये, मागच्या खिडकीत रांग असते तेव्हा. त्यांच्या देखत घाल.

काका तेवढ्यापुरती जुनीच पत्रं परत वाचतायत. लोकांना पाठ झालीयत, पूर्वीइतकं कुणी हसत नाही.

लाडकी नसलेली,
ताई

२३ एप्रिल

आदरणीय रेडिओकाका आणि पुढच्या खोलीतील सुजाण श्रोतेहो,

पाणी प्यावं. घसा साफ करावा. मागच्या एका पत्रात मला क्षणिक शहाणपणाचा झटका आला होता. तो आता पूर्ण ओसरला असून प्रकृती पूर्ववत आहे.

आज मी 'गाजर : दुसरा निरोप' सादर करतो. पहिल्या निरोपाला माणसाने उत्तर पाठवलं नाही, त्यामुळे माती नाराज आहे. (इथे श्रोत्यांकडे रोखून बघावं.) यापुढे प्रत्येक गाजराने जमिनीतून निघताना पोचपावती मागावी, असा ठराव मी इथल्या सभेत मांडला. पुढची बारा पानं याच ठरावाची आहेत, त्यानंतर कोंबडीचं मनोगत...

ताई, इथून पुढचं काकांना देऊ नकोस, हे तुझ्यासाठी आहे.

वर लिहिलेलं सगळं मी हसत हसत लिहिलं. परीक्षा म्हणून इथल्या मंडळींसमोर वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. संचालकांनी टिपून घेतलं, पोचपावतीची कल्पना वार्षिक अहवालात येणार आहे. तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी किती दिवस कुठे बसलो होतो.

कुलूप घालत नाही. पाहिजे तेवढं हसू दे त्यांना, भाव मात्र थोडा वाढव.

फक्त एक. गाजराचं ते पहिलं वाक्य मी खरंच मानतो. अजूनही. ते काका वाचतील तेव्हा लोक हसले तरी तू हसू नकोस. बाकी सगळ्यावर हस.

तीस तारखेला फोन मिळेल, त्याच दुपारी पोचतो. मागच्या खिडकीवर माझं एक ताट ठेव. भाषणाशिवायचं.

मास्तर

२८ एप्रिल

चि. मास्तर,

कोंबडीने कहर केला. काकांनाच हसू आवरेना, जन्मात पहिल्यांदा बातमी अर्धवट सोडली म्हणाले. गाजराचं वाक्य आलं तेव्हा मी आत गेले आणि पातेलं ढवळत बसले. हसले नाही.

धर्मादायवाल्या बाई काल आल्या. पुढच्या खोलीत बसल्या, हसून हसून चष्मा काढून पुसला, तिप्पट भाव देऊन जेवल्या. मग मागची रांग बघितली आणि म्हणाल्या, "कमाल आहे, तुम्ही तर उभ्या राहिलात! आता तुम्हाला आमच्या मदतीची गरज नाही." आपलं भाडं आता आपण भरायचं, आणि आपल्याला भरताही येतंय. वाचलेली रक्कम त्या टेकडीवरच्या तुझ्या संस्थेला देणार आहेत, सकस अन्न सर्वांना कसं मिळेल याचा सखोल अभ्यास व्हावा म्हणून. चौथं लोणी येईल बघ.

ये. ताट ठेवलेलं नाही, कारण मुकादमबाई कुणासाठी ताट ठेवू देत नाही आणि मालक असलास तरी मध्ये घुसू देणार नाही. रांगेत उभा राहा. तुझा नंबर आला की गरम वाढते. फक्त खिडकीशी आल्यावर तोंड उघडशील ते खायलाच उघड, मागे बायका खोळंबलेल्या असतात.

तुझी लाडकी,
ताई